पिल्लांच्या टाकीवरचा दिवा: वाचकांचे प्रश्न

गेल्या दोन महिन्यांतल्या पत्रांमध्ये एकच प्रश्न निरनिराळ्या रूपांत पुन्हा पुन्हा आला आहे: माशांच्या पिल्लांना उजेड किती द्यावा आणि केव्हा द्यावा? खाद्य, पाणी आणि औषधे यांविषयी आपण पुष्कळ बोलतो. उजेडाचा विचार मात्र बहुतेक ठिकाणी बल्ब घ्यायला दुकानात गेल्यावरच सुरू होतो. म्हणून या अंकात पाच पत्रे एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण पुढच्या उत्तरांचा पाया त्यातच आहे.

प्रश्न: पेण तालुक्यातल्या खारेपाटात आमचे घर आहे. घराजवळच्या तळ्यात जिताडा सोडायची आमच्याकडे वाडवडिलांपासूनची रीत आहे. यंदा मी खाडीतले बीज न घेता हॅचरीतून एक ते दीड इंचाची तीन हजार पिल्ले आणली आणि तळ्यात सोडण्याआधी ती पत्र्याच्या शेडखालच्या सिमेंटच्या टाकीत ठेवली. टाकी दहा फूट लांब, आठ फूट रुंद असून पाणी तीन फूट आहे. चोवीस तास उजेड ठेवला तर पिल्ले दुप्पट वेगाने वाढतात, असे एका व्हिडिओत ऐकले, म्हणून ५० वॅटचे चार एलईडी फ्लडलाइट रात्रभर चालू ठेवले. पहिले तीन-चार दिवस पिल्लांनी चांगले खाल्ले. आता ती एका कोपऱ्यात गठ्ठ्याने उभी राहतात, पुष्कळांच्या शेपट्या कुरतडलेल्या दिसतात, आणि मेलेली पिल्ले फारशी सापडत नसताना संख्या मात्र घटते आहे. हा दिव्यांचा दोष आहे का?
(एक वाचक, पेण तालुका)

उत्तर: संख्या घटते आहे आणि मेलेले मासे सापडत नाहीत, या दोन गोष्टी एकत्र आल्या की बहुतेक वेळा कारण एकच असते: मोठी पिल्ले लहानांना गिळत आहेत. जिताडा या वयात आपल्या लांबीच्या सुमारे दोन तृतीयांश लांबीचे भावंड अख्खे गिळू शकतो. दीड इंचाच्या पिल्लाला एक इंचाचे पिल्लू म्हणजे एक घास असतो, आणि आपण एक ते दीड इंच अशी मिसळ एकाच टाकीत ठेवली आहे. या गिळण्याचे मूळ कारण हे आकारातले अंतर होय. परंतु रात्रभर जळणाऱ्या दिव्यांनी त्यात भर घातली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ते का, हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

आपण ऐकलेला व्हिडिओ सर्वस्वी खोटा नाही. त्यातली गोष्ट खरी आहे, पण ती दुसऱ्या वयाची आहे. जिताड्याचे अंडे कोमट, खाऱ्या पाण्यात सतरा-अठरा तासांत फुटते आणि त्यातून जेमतेम दीड मिलिमीटर लांबीचे, काचेसारखे पारदर्शक पिल्लू बाहेर पडते. त्याला तोंड उघडलेले नसते आणि डोळ्यांत रंगद्रव्यही नसते. दुसऱ्या दिवसाच्या सुमारास डोळे काळे होतात, तोंड उघडते, आणि तेव्हापासून पोटाशी असलेला बलकाचा साठा संपायच्या आत त्याला स्वतः शिकार करायला शिकावे लागते. या वयात त्याच्या डोळ्याच्या पडद्यावर भरपूर उजेडात काम करणाऱ्या पेशीच असतात. अंधुक उजेडात पाहू देणाऱ्या पेशी पुढे, रूपांतराच्या (पिल्लाला मोठ्या माशाचे रूप येण्याच्या) काळात तयार होतात. वासाची आणि स्पर्शाची इंद्रियेही अजून कच्ची असतात. म्हणजे या पिल्लाला खाद्य मिळण्याचा एकच मार्ग असतो, तो म्हणजे ते दिसणे.

हॅचरीत काम करत असताना तीन दिवसांची अशी पिल्ले काचेच्या उथळ बशीत घेऊन मी भिंगाखाली तासन्तास पाहिली आहेत. रोटीफर नावाचा, मिलिमीटरच्या दोन-तीन दशांशांहून लहान असा जीव पाण्यात गिरक्या घेत जात असतो. पिल्लू त्याच्यासमोर थबकते, दोन्ही डोळे पुढे रोखते, अंग इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखे वळवून क्षणभर स्थिर राहते आणि मग एकदम सरळ होऊन पुढे झेपावते. सुरुवातीला कित्येक झेपा वाया जातात. बशीवर हात धरून सावली केली की अंग वळवणेच थांबते आणि पिल्ले नुसती तरंगत राहतात. त्यांच्या भोवती रोटीफरांची गर्दी असली तरी पोट रिकामेच राहते. उपाशी पिल्लाच्या बाबतीत अशी एक वेळ येते की त्यानंतर कितीही खाद्य दिले तरी त्याला ते पकडण्याचे बळच उरत नाही. म्हणून या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत हॅचरीचालक पाण्याच्या पृष्ठभागावर काही शे ते हजारभर लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) उजेड ठेवतात आणि दिवस लांबवतात. दिवस लांबला म्हणजे जेवणाची वेळ लांबली, इतका तो सरळ हिशेब आहे. टाकीत हिरवे सूक्ष्म शैवाल सोडतात, त्यामागेही उजेडाचा विचार असतो: त्या हिरवट पाण्यात प्रकाश सगळीकडे सारखा विखुरतो आणि खाद्याचा ठिपका उठून दिसतो. टाकीच्या भिंती गडद ठेवून उजेड वरून देतात, कारण पांढऱ्या भिंतीवरून उजेड उसळला की पिल्ले भिंतीकडे ओढली जातात, तिथेच दाटी करतात आणि भिंतीवर तोंड आपटत राहतात.

आपली पिल्ले हे वय ओलांडून आली आहेत. इंचभर लांबीच्या जिताड्याच्या डोळ्यात अंधुक उजेडाच्या पेशी आलेल्या असतात. पुढे मोठ्या जिताड्याच्या डोळ्यात प्रकाश परतवणारा एक थरही असतो, आणि रात्री त्याच्यावर टॉर्च मारल्यावर निखाऱ्यासारखी लालसर चमक दिसते ती त्यामुळेच. ती आपण तळ्यावर नक्की पाहिली असेल. हा मासा तिन्हीसांजेचा आणि रात्रीचा शिकारी होण्याच्या वाटेवर असतो, आणि त्याला आडोसा, सावली व अंधुकपणा हवा असतो. आपल्या चार दिव्यांचा मिळून पाण्यावर दीड-दोन हजार लक्स तरी उजेड पडत असेल. पौर्णिमेच्या चांदण्याचा उजेड पाव लक्सच्या आसपास असतो, हे लक्षात घेतले म्हणजे आपण त्या पिल्लांच्या रात्रीचे काय केले आहे, याची कल्पना येईल. कोपऱ्यात गठ्ठा करून उभे राहणे ही त्यांची सावली शोधण्याची धडपड आहे. त्या गठ्ठ्यात मोठे आणि लहान अंगाला अंग लावून उभे असतात, लहानाला लपायला जागा नसते, आणि मोठ्याला ते चोवीस तास दिसत असते.

दुसरी गोष्ट डोळ्यांपलीकडची आहे. माशाच्या मेंदूच्या माथ्यावर पिनियल नावाची एक बारीकशी ग्रंथी असते. आपल्यात ती मेंदूच्या आत खोल दडलेली असते. माशात ती कवटीच्या पातळ हाडाखालीच असते आणि त्या हाडातून झिरपणारा उजेड तिला थेट कळतो. अंधार पडला की ती मेलाटोनिन नावाचे संप्रेरक रक्तात सोडते आणि उजेड होताच ते सोडणे थांबवते. शरीराला रात्र झाल्याचे कळते ते या संप्रेरकावरून, आणि विश्रांती, पचन व वाढ यांचे दैनंदिन चक्र त्यावर बेतलेले असते. युरोपातल्या सागरी माशांच्या पिल्लांवरच्या प्रयोगांत पूर्ण अंधारात ठेवलेली पिल्ले तग धरत नाहीत आणि सतत उजेडात ठेवलेल्यांमध्ये जबड्याच्या व्यंगाचे प्रमाण वाढते, असे आढळले आहे. म्हणजे जिथे लांब दिवसाची गरज खरोखर असते, त्या कोवळ्या वयातही रात्र पुसून टाकणे सुरक्षित नाही.

आता काय करावे? आजच चारपैकी तीन दिवे काढून टाका. उरलेला एक पाण्यापासून सहा-सात फूट उंच, छताकडे तोंड करून लावा, म्हणजे परावर्तित, मंद उजेड मिळेल, आणि तोही संध्याकाळच्या शेवटच्या खाण्यापुरता, दिवसाचा उजेड धरून एकूण बारा ते तेरा तास होतील इतकाच ठेवा. टाकीच्या एक तृतीयांश भागावर शेडनेट किंवा काळे कापड टाकून कायमची सावली करा. सावली एकाच कोपऱ्यात न करता एका पूर्ण बाजूने करा, म्हणजे गर्दी पसरेल. खाणे पहाटे आणि तिन्हीसांजेला पोटभर द्या, कारण उपाशी शिकारी भावंडांकडे वळतो. सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे आकारानुसार निवड. दर तीन-चार दिवसांनी चाळणीने पिल्लांचे दोन किंवा तीन गट करून वेगळ्या टाक्यांत किंवा हाप्यांत (पाण्यात बांधायच्या जाळीच्या पेट्यांत) ठेवा आणि पिल्ले चार इंचांची होईपर्यंत यात खंड पडू देऊ नका. दिवे काढूनही निवड केली नाही, तर पिल्ले घटतच राहतील.

दिवा लावण्याच्या पद्धतीविषयीही सांगायला हवे, कारण हे मी स्वतः नुकसान सोसून शिकलो आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका हॅचरीत रात्री दोनच्या सुमारास एअर ब्लोअरचा आवाज बदलल्यासारखा वाटला, म्हणून मी धावत जाऊन सगळ्या ट्यूबलाइट एकदम लावल्या. ब्लोअर ठीक होता. पण काळोखात स्थिर असलेली बोटाएवढी पिल्ले त्या झटक्याने चहूकडे उधळली. पाण्यावर गारा पडाव्यात तसा आवाज झाला, काही टाकीबाहेर उडाली, काही भिंतींवर आपटली, आणि सकाळी तळाशी मेलेल्या पिल्लांचा पांढरा थर होता. त्यानंतर मी मंद दिव्याशिवाय रात्री शेडमध्ये पाऊल ठेवलेले नाही. उजेड वाढवताना आणि कमी करताना वीस-पंचवीस मिनिटे घ्यावीत. डिमर नसेल तर आधी शेडच्या दाराजवळचा लहान दिवा, मग मधला, मग टाकीवरचा, अशा क्रमाने लावावा. वीज जाऊन येते तेव्हाही हाच धक्का बसतो, म्हणून टाकीवरचा दिवा वीज आल्यावर आपोआप लागणार नाही, असे बटण ठेवावे आणि ब्लोअर मात्र इन्व्हर्टरवर ठेवावा.

प्रश्न: आम्ही भंडारा जिल्ह्यातल्या एका बचत गटाच्या महिला आहोत. मालगुजारी तलावाच्या कडेला चार लहान संगोपन तळी खोदून त्यांत रोहू आणि कटल्याचे जिरे (अगदी बारीक पिल्ले) वाढवतो. मागच्या जुलैत जिरे सोडले त्या दिवशी दुपारी कडक ऊन होते आणि संध्याकाळपर्यंत पुष्कळ जिरे मेले. या वर्षी तळ्यांवर शेडनेट घालावी का? रात्री राखण करताना तळ्यावर दिवा लावला तर चालेल का?
(एका बचत गटाच्या अध्यक्षा, भंडारा जिल्हा)

उत्तर: ताई, आपल्या पत्रात पिशव्या तळ्यावर किती वाजता आल्या, हे लिहिलेले नाही. माझा पहिला संशय तिथेच आहे. प्राणवायू भरलेली प्लास्टिकची पिशवी उन्हात ठेवली की आतले पाणी बघता बघता तापते, आणि तीन दिवसांच्या, सहा-सात मिलिमीटरच्या जिऱ्याला तो ताप सोसत नाही. जिरे सकाळी सूर्य वर येण्यापूर्वी किंवा संध्याकाळी सोडावेत. पिशवी न उघडता वीस मिनिटे सावलीतल्या पाण्यावर तरंगू द्यावी, मग थोडे थोडे तळ्याचे पाणी आत घ्यावे, आणि पिल्ले आपण होऊन बाहेर जातील अशी पिशवी आडवी करावी.

उन्हाचा दुसरा आघात पाण्यातल्या हिरवळीमार्फत होतो, आणि तो नजरेला दिसत नाही. पाणी गर्द हिरवे असेल तर भर दुपारी सूक्ष्म वनस्पती पाण्यातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतात आणि पाण्याचा सामू (पीएच) चढत जातो. सामू साडेसात असताना पाण्यातल्या एकूण अमोनियाचे शंभरातले दोन-तीन भागच विषारी रूपात असतात. उन्हाळी तापमानात सामू नऊवर गेला की हे प्रमाण चाळिसाच्या वर जाते. शेणखत नुकतेच टाकलेले असेल तर अमोनिया आधीच जास्त असतो. मग दुपारी ऊन, हिरवे पाणी आणि शेणखत ही तिन्ही एकत्र येतात, आणि सकाळी तपासलेले पाणी चांगले असूनही संध्याकाळी पिल्ले मरतात. उलट, पाणी अगदी नितळ आणि फूटभरच खोल असेल तर तळापर्यंत पोहोचणारे ऊन पारदर्शक जिऱ्यांना थेट भाजते, कारण त्यांच्या अंगात ऊन अडवणारे रंगद्रव्य अजून पुरेसे नसते.

म्हणून शेडनेटच्या आधी पाणी पाहावे. पत्र्याची वीस सेंटिमीटर व्यासाची चकती कापून तिचे चार भाग आळीपाळीने काळे व पांढरे रंगवा, मधून दोरी बांधा आणि ती पाण्यात सोडा. चकती २५ ते ४० सेंटिमीटरवर दिसेनाशी झाली तर पाणी योग्य आहे. त्याआधीच नाहीशी झाली तर खत थांबवा आणि थोडे पाणी बदला. ४० च्या पलीकडेही दिसत राहिली तर प्लवंग (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) कमी आहे. चकती नसेल तर हात कोपरापर्यंत बुडवून तळवा दिसतो का, ते पाहणेही पुरते. पाण्याची खोली तीन ते चार फूट ठेवा. संपूर्ण तळे झाकण्याची चूक मात्र करू नका, कारण रोहू-कटल्याच्या जिऱ्यांचे सगळे जेवण, म्हणजे प्राणिप्लवंग, शेवटी उन्हावर वाढलेल्या वनस्पतिप्लवंगावरच पोसलेले असते. एका कडेला चौथ्या हिश्शाएवढी सावली पुरे आहे. आषाढात आठ-आठ दिवस आभाळ झाकलेले राहते, तेव्हा तर उजेडाची टंचाईच होते: हिरवळ मरून कुजते आणि पहाटे प्राणवायू संपतो. पिल्ले पहाटे पृष्ठभागावर तोंडे काढताना दिसली तर खत व खाद्य दोन्ही बंद करून ताजे पाणी सोडा.

रात्रीच्या दिव्याविषयी माझे उत्तर ठाम नकाराचे आहे. उलटे पोहणारे पाणढेकूण आणि पाणभुंगे रात्री उडतात आणि दिव्याकडे ओढले जातात. ते तळ्यात उतरले की जिरे पकडून त्यांचा रस शोषतात. ज्या किड्यांना मारण्यासाठी आपण जिरे सोडण्याच्या आदल्या दिवशी हेक्टरी १८ किलो साबण आणि ५६ किलो तेल यांचे मिश्रण फवारतो, त्यांनाच दिवा लावून बोलावणे झाले. राखणदाराने टॉर्च वापरावी, आणि खोपटातला दिवा तळ्याकडे आडोसा करून ठेवावा. दिवा वापरायचाच असेल तर तो शेजारच्या, जिरे नसलेल्या पाण्यात बुडता ठेवून त्याच्याभोवती जमणारे प्राणिप्लवंग बारीक जाळीने गोळा करावेत आणि सकाळी पिल्लांना घालावेत. ही युक्ती स्वस्त असून उत्तम चालते.

प्रश्न: मी देशी मागूरची पिल्ले सिमेंटच्या लहान टाकीत वाढवतो. उजेड केला की ती तळाशी विटेखाली लपतात आणि खातच नाहीत. उजेड वाढवू की कमी करू?
(एक वाचक, कोल्हापूर जिल्हा)

उत्तर: कमी करा. जिताड्याच्या कोवळ्या पिल्लाविषयी वर लिहिले त्याच्या उलट हा मासा आहे. मागूर डोळ्यांपेक्षा मिशांनी खाद्य शोधतो; स्पर्श आणि चव या दोन इंद्रियांवर त्याचे जेवण चालते, म्हणून अंधार त्याच्या खाण्याच्या आड येत नाही. मागूरच्या कुळातल्या आफ्रिकन जातीवरच्या प्रयोगांत तर अंधारात वाढलेली पिल्ले उजेडातल्यांपेक्षा चांगली वाढली आणि एकमेकांशी कमी भांडली. (ती आफ्रिकन जात आपल्याकडे पाळायला बंदी आहे, आणि ती बंदी योग्यच आहे, इथे फक्त स्वभाव समजावा म्हणून उल्लेख केला.) टाकी झाकून घ्या, तळाशी कौले किंवा पाइपाचे तुकडे ठेवा आणि दिवसभराच्या खाद्याचा मोठा हिस्सा संध्याकाळनंतर द्या. झाकण पाण्याला टेकू देऊ नका. दहा-बारा दिवसांची झाल्यावर ही पिल्ले पृष्ठभागावर येऊन हवा घेऊ लागतात, आणि ती वाट बंद झाली तर गुदमरतात.

प्रश्न: नोकरीनिमित्त मी बर्गनजवळ राहतो. हिवाळ्यात इथल्या फ्योर्डमध्ये सॅमनच्या पिंजऱ्यांतून रात्रभर हिरवट उजेड येतो. माशांना झोपू न देता वाढवण्याचा हा प्रकार आहे का? हे क्रूर नाही का?
(एक वाचक, नॉर्वे)

उत्तर: आपल्याला हा प्रश्न पडला, याचा मला आनंद आहे. नॉर्वेत उजेड हे सॅमनच्या आयुष्यातले कॅलेंडर म्हणून वापरले जाते, आणि ते समजले की पिंजऱ्यातल्या दिव्यांचा अर्थ लागतो.

सॅमनची अंडी नदीतल्या खडीखाली उबतात, म्हणून हॅचरीतही अंडी आणि बलक पोटाशी असलेली पिल्ले अंधारात ठेवतात. उजेडात ती अस्वस्थ होऊन वळवळतात आणि बलकातली शक्ती हालचालीत खर्च करतात. खाऊ लागल्यावर त्यांना भरपूर आणि बहुधा सतत उजेड मिळतो. पुढे गोड्या पाण्यातल्या या पट्टेदार पिल्लाला खाऱ्या पाण्यात राहण्याजोगे व्हायचे असते. अंगावर चांदी चढते, कल्ल्यांमधल्या पेशी मीठ बाहेर टाकायला शिकतात. निसर्गात हा बदल हिवाळ्यानंतर दिवस लांबू लागले की होतो. संवर्धक तोच क्रम दिव्यांनी रचतात: सुमारे सहा आठवडे बारा तास उजेड आणि बारा तास अंधार, म्हणजे पिल्लाच्या शरीराच्या लेखी हिवाळा, आणि त्यानंतर सतत उजेड, म्हणजे वसंत. अशा रीतीने वसंताची वाट न पाहता शरद ऋतूतही पिल्ले समुद्रात सोडता येतात. हा हिवाळा दिला नाही तर पिल्लू नुसते मोठे होते आणि समुद्रात नीट टिकत नाही. अंधाराचे मोल इतक्या स्वच्छपणे दाखवणारे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

आपण पाहता ते दिवे त्यापुढच्या टप्प्यातले आहेत. मध्य हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत पिंजऱ्यात उजेड ठेवला तर मासे वेळेआधी प्रजननक्षम होत नाहीत आणि त्यांची शक्ती अंडी व वीर्य बनवण्याऐवजी वाढीत जाते. शिवाय रात्री सॅमन दिव्याच्या खोलीभोवती पोहतात, म्हणून दिवे खोल सोडून त्यांना पृष्ठभागावरच्या सागरी उवांपासून (माशांच्या अंगाला चिकटणाऱ्या परजीवींपासून) थोडे दूर ठेवता येते.

क्रूरतेविषयी माझे मत असे आहे. वेळेआधी प्रजननक्षम झालेला मासा पिंजऱ्यात अशक्त होतो आणि रोगाला बळी पडतो, त्यामुळे मोठ्या माशांवरचा हा दिवा त्यांच्या भल्याच्या विरुद्ध आहे, असे मला वाटत नाही. पिल्लांच्या बाबतीत मात्र माझी काळजी खरी आहे. उजेडाच्या जोरावर घाईने समुद्रायोग्य केलेल्या पिल्लांमध्ये पुढे पाठीच्या मणक्यांची व्यंगे अधिक दिसतात, असे नॉर्वेतल्याच संशोधकांनी नोंदवले आहे. हाडे स्नायूंच्या वेगाने भरत नाहीत, आणि खाद्यात फॉस्फरस कमी पडला तर व्यंगांची शक्यता आणखी वाढते. तिथे वेग कमी करणे हाच प्रामाणिक उपाय आहे.

प्रश्न: लक्समीटर घेणे परवडत नाही. मोबाइलवरचे अ‍ॅप चालेल का? आणि पिल्लांसाठी बल्ब पांढरा घ्यावा की निळा?
(एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर: अ‍ॅपचा आकडा तंतोतंत नसतो, पण एकाच फोनने रोज मोजले तर कालच्यापेक्षा आज उजेड किती वाढला आणि टाकीच्या मध्यापेक्षा कोपऱ्यात किती कमी आहे, हे त्यावरून व्यवस्थित कळते, आणि आपल्याला बहुतेक वेळा तेवढेच हवे असते. मोजताना फोन उभा धरू नये. तो पारदर्शक पिशवीत घालून, पडदा वर करून, पाण्याच्या पातळीवर आडवा धरावा आणि स्वतःची सावली त्यावर पडू देऊ नये.

रंगाविषयी बोलायचे तर तांबडा उजेड पाण्यात लवकर शोषला जातो आणि स्वच्छ समुद्रात निळा सर्वांत खोल जातो. युरोपीय सागरी जातींच्या पिल्लांना बारा तासांचा निळा उजेड मानवल्याचे प्रयोगांत दिसले आहे. परंतु आपल्या टाक्यांमध्ये पाणी तीन फूटच असते आणि त्यात हिरवे शैवाल असते, म्हणून साधा पांढरा, न लुकलुकणारा एलईडी पुरेसा आहे. रंगीत बल्बवर खर्च करण्यापूर्वी ते पैसे डिमरवर खर्च करावेत. आणि रात्री आपले सगळे दिवे बंद केल्यावरही एकदा पाण्यावर फोन धरून पाहा. शेडच्या उघड्या बाजूने रस्त्यावरचा दिवा टाकीवर पडत असेल, तर त्या बाजूला एक ताडपत्री बांधून घ्या.